ऑक्सिटोसिन : देह आणि मन जोडणारा पेप्टाइड

ऑक्सिटोसिन म्हणजे अवघ्या 9 अमिनो आम्लांची साखळी. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये ते तयार होते, पीयूषिका ग्रंथीतून रक्तात उतरते, प्रसूतीच्या कळा वाढवते आणि बाळंतिणीला पान्हा फोडते. हे झाले संप्रेरकाचे काम. मात्र हायपोथॅलॅमसमधल्या चेतापेशी तेच ऑक्सिटोसिन मेंदूच्या इतर भागांतही सोडतात आणि तिथे ते वर्तन घडवते. 1979 मध्ये पेडरसन आणि प्रांज या संशोधकांनी कधीही न व्यालेल्या, इस्ट्रोजेन दिलेल्या उंदीर-माद्यांच्या मेंदूत ते सोडले, तेव्हा अनेक माद्या परक्या पिल्लांना आईसारख्या सांभाळू लागल्या. मनाकडून देहाकडे जाणारी उलट दिशाही तितकीच खरी आहे : बाळाच्या नुसत्या रडण्याने पान्हा फुटतो, तीव्र ताणाने तो अडतो.

देह आणि मन यांच्या या दुव्यावर आक्षेप असा, की रक्तातले ऑक्सिटोसिन मेंदूत फारसे शिरतच नाही. मग दुवा कुठला? दुवा उगमात आहे. शरीराला आणि मेंदूला हा संदेश पाठवणारे केंद्र एकच आहे. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे : ‘प्रेमाचे संप्रेरक’ हे बिरुद फसवे आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत ऑक्सिटोसिनच्या नाकातल्या फवाऱ्याने ऑटिझम असलेल्या मुलांच्या सामाजिक वर्तनात औषधविरहित फवाऱ्यापेक्षा अधिक सुधारणा झाली नाही. एकटा रेणू माया निर्माण करत नाही. इतर संप्रेरके, अनुभव आणि परिस्थिती यांच्या साथीनेच तो काम करतो. म्हणूनच बाळंतिणीच्या आहाराइतकीच तिच्या मनःस्वास्थ्याची काळजी घेणे, हा वैद्यकीय उपचाराचाच भाग मानायला हवा.