वर्तुळ उमटलंच नाही

सिंधमधल्या हैदराबादेत २०१६च्या नोव्हेंबरअखेर टायफॉइडच्या रुग्णांचे ब्लड कल्चरचे रिपोर्ट विचित्र येऊ लागले. (हे हैदराबाद चारमिनारचं नव्हे, त्या हैदराबादचा संबंध पुढे येतोच.) टायफॉइड तिथे घरोघरचा. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, को-ट्रायमोक्साझोल ही जुनी औषधं कधीच बोथट झालेली, सिप्रोफ्लॉक्सासिनचीही तीच गत. डॉक्टरांचा भरवसा होता तो सेफ्ट्रियाक्झोनच्या इंजेक्शनवर. आणि आता तेही लागू पडेना.

कराचीच्या आगा खान विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हे जंतू तपासले गेले. सेन्सिटिव्हिटीची ही तपासणी दिसायला अगदी साधी. रुग्णाच्या रक्तातून वाढवलेले जंतू सलाइनमध्ये ठरावीक गढूळपणा येईपर्यंत कालवायचे, स्वॅबने अगरच्या थाळीवर सारखे पसरायचे, वर औषध मुरवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि थाळी ३५ अंशांवर रात्रभर उबवायची. औषधाने जंतूंना रोखलं तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. ते पट्टीने मोजायचं. सेफ्ट्रियाक्झोनला २३ मिलिमीटर किंवा जास्त भरलं तर औषध चालेल. १९ किंवा कमी असेल तर नाही.

टायफॉइडच्या थाळीवर सेफ्ट्रियाक्झोनचं वर्तुळ नसलं, की कसलेला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आधी स्वतःच्या थाळीवरच संशय घेतो. सेफ्ट्रियाक्झोनला न जुमानण्याचा गुण आतड्यातल्या ई. कोलायमध्ये सर्रास आढळतो. टायफॉइडच्या जंतूत तो तेव्हा तुरळक होता. मग भेसळ तर झाली नाही? जंतूची ओळख तर चुकली नाही? म्हणून जीवरासायनिक चाचण्या करायच्या, अँटिसीरममध्ये जंतूंच्या गुठळ्या होतात का ते पाहायचं. शिवाय एक युक्ती असते : सेफोटॅक्सीमची एक चकती नुसती आणि दुसरी क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासह ठेवायची. दुसरीभोवतीचं वर्तुळ निदान ५ मिलिमीटरने मोठं निघालं, तर जंतू औषधाचे तुकडे करणारं विकर बनवतोय हे कळतं. या युक्तीला फारसा खर्च नाही. मला तरी ती जनुकवाचनाइतकीच देखणी वाटते.

जंतू टायफॉइडचाच होता. पण हे बळ त्याला मिळालं कुठून? ते शोधण्यासाठी आगा खान विद्यापीठाच्या रुमिना हसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या वेलकम सँगर संस्थेशी हात मिळवले. तिथे एलिझाबेथ क्लेम, गॉर्डन डूगन आदींनी या जंतूंचे जीनोम वाचले. फेब्रुवारी २०१८मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जंतू आशियाभर पसरलेल्या एच-५८ या जुन्याच घराण्यातला. जुन्या औषधांना न जुमानणारी जनुकं त्याच्या गुणसूत्रातच रुतलेली. नवा होता तो एक प्लास्मिड, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारं डीएनएचं कडं. त्यावर सेफ्ट्रियाक्झोन निकामी करणारं विकर बनवणारं जनुक होतं आणि सिप्रोफ्लॉक्सासिनपासून बचाव करणारंही. असाच प्लास्मिड ई. कोलायमध्ये आधी सापडलेला होता. पिढ्यान्‌पिढ्या कण कण करून येणारं बळ या जंतूला एका उसनवारीत मिळालं असणार.

२०१७ संपेपर्यंत हैदराबादेत असे ४८६ रुग्ण नोंदले गेले. नकाशावर ते सांडपाण्याच्या वाहिन्यांच्या आसपास गोळा झालेले दिसले. औषधं उरली दोनच : शिरेतून द्यायचं महागडं मेरोपेनेम आणि तोंडाने घ्यायचं अ‍ॅझिथ्रोमायसिन.

मग लशीकडे धाव घेणं भागच होतं. २०१८मध्ये तिथल्या मुलांना जी लस टोचली गेली, ती बनवली होती आपल्या हैदराबादच्या भारत बायोटेकने. त्याच वर्षी नवी मुंबई महापालिकेनेही तीच लस मुलांना दिली. नोव्हेंबर २०१९मध्ये पाकिस्तानने सिंधपासून सुरुवात करत टायफॉइडची संयुग्मी लस नियमित लसीकरणात घेतली. असं करणारा तो पहिला देश.

त्याच सुमारास ढाक्यातल्या चाइल्ड हेल्थ रिसर्च फाउंडेशनने जतन केलेले हजारावर जंतू अ‍ॅझिथ्रोमायसिनसमोर ठेवून पाहिले. तेरा जंतू त्याला पुरून उरले. औषध बाहेर उपसून टाकणाऱ्या त्यांच्या पंपातलं एकच अमिनो आम्ल बदललं होतं. त्यासाठी त्यांना कुणाकडून प्लास्मिड उसना घ्यावा लागला नव्हता.