कोपऱ्यातले तीन हजार

शनिवारी ईशाच्या नमाजनंतर आमच्या घरी टीव्हीवर इंग्लंडचा फुटबॉल सुरू होतो. थोरला मुलगा लिव्हरपूलचा, त्याचा चुलतभाऊ मँचेस्टर युनायटेडचा. दोघे एकाच पलंगावर लोळत पाहतात आणि गोल झाला की एकमेकांना लाथा मारतात. परवा नऊ वर्षांची भाची घरी आली होती. तिला खेळात फारसा रस नव्हता, ती प्रेक्षक पाहत होती. पडद्यावर बोट ठेवून तिने विचारले, "मामू, त्या कोपऱ्यातल्या लोकांना शिक्षा केलीय का?"

सगळे मैदान लाल होते आणि एका कोपऱ्यात तेवढे निळे लोक. त्यांच्या बाजूला रिकाम्या खुर्च्यांचा पट्टा, त्यावर कापड ताणलेले, आणि कडेने पिवळ्या जाकिटातील माणसांची रांग. आम्ही सांगितले, ते दुसऱ्या गावाहून आलेले पाहुणे आहेत.

"पाहुण्यांना असं बसवतात?"

पोरीला तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना, म्हणून थोडे वाचले.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये बाहेरून आलेल्या संघाच्या समर्थकांना ३,००० तिकिटे किंवा मैदानाच्या क्षमतेच्या १० टक्के, यांतील जो आकडा लहान असेल तेवढ्या जागा मिळतात. २०१६ पासून त्यांच्या तिकिटाची कमाल किंमत ३० पौंड ठरवून दिली आहे. त्यांचे प्रवेशद्वार वेगळे, खाण्यापिण्याची जागा वेगळी. एखाद्याने ओळखीतून यजमानांच्या भागातले तिकीट मिळवले, तर त्याने आपल्या संघाचा शर्ट घालायचा नाही. आपल्या संघाने गोल केला तरी उठायचे नाही, ओरडायचे नाही. ओळखला गेला, तर कर्मचारी येऊन बाहेर काढतात. दीड तास स्वतःचा आनंद गिळून बसलेली अशी माणसे प्रत्येक सामन्यात थोडीफार असतातच. आम्हाला त्यांच्याबद्दल विशेष जिव्हाळा वाटला. का, ते वाचकांना सांगायला नको.

पण हे पहिल्यापासून असे नव्हते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी बहुतेक प्रेक्षक उभ्याने सामना पाहत आणि कोण कुठे उभा राहील यावर बंधन नसे. मध्यंतरात कितीतरी लोक मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जात, कारण आपला संघ आता तिकडच्या गोलवर हल्ला करणार असे. दोन्ही संघांचे लोक वाटेत एकमेकांना ओलांडून जात. पुढे रेल्वेच्या स्वस्त खास गाड्या आणि रुंद रस्ते आले, तरुणांचे जथे दर आठवड्याला परगावी जाऊ लागले. मैदानाचे एक टोक 'आपले' ठरले. तिथे घुसणे ही मर्दुमकी झाली आणि घुसणाऱ्याला बडवणे ही त्याहून मोठी. १९७० च्या दशकात जाळ्या आल्या, पिंजऱ्यासारखे कप्पे आले.

मग २९ मे १९८५. ब्रुसेल्सचे हेझेल मैदान, लिव्हरपूल विरुद्ध इटलीचा युव्हेंटस, युरोपियन कपचा अंतिम सामना. लिव्हरपूलच्या समर्थकांशेजारचा 'झेड' विभाग तटस्थ बेल्जियन प्रेक्षकांसाठी राखला होता. प्रत्यक्षात तिथली बरीच तिकिटे युव्हेंटसच्या चाहत्यांच्या हाती पडली. मध्ये फक्त तकलादू जाळी. लिव्हरपूलच्या टोळक्याने ती तोडून चाल केली, लोक मागे रेटले गेले आणि भिंत कोसळली. ३९ माणसे मेली, त्यांतली बहुतेक इटालियन. इंग्लंडच्या सर्व क्लबांना पाच वर्षे युरोपातून हद्दपार केले गेले, लिव्हरपूलला सहा. शेजारी शेजारी बसवले तर माणसे मरतात, असे म्हणणाऱ्यांच्या हाती त्या दिवशी मोठा पुरावा आला.

चारच वर्षांनी उलटा पुरावा आला. १५ एप्रिल १९८९, शेफिल्डचे हिल्सबरो मैदान. लिव्हरपूलचे समर्थक त्यांना नेमून दिलेल्या टोकाला गेले. पोलिसांनी फाटक उघडले आणि लोंढा आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांत शिरला. पुढे जाळी, बाजूंना जाळी. दंगेखोरांना अडवण्यासाठी उभारलेल्या जाळीवर माणसे चिरडली. मृतांचा आकडा आज ९७ आहे. त्यांतला शेवटचा जखमी ३२ वर्षांनी, २०२१ मध्ये गेला. त्यानंतर लॉर्ड टेलर यांच्या अहवालावरून जाळ्या काढल्या गेल्या, मोठ्या मैदानांत सर्वांसाठी खुर्च्या आल्या. वेगळे बसवणे मात्र राहिले.

इथे जरा थांबावेसे वाटते. १९९२-९३ नंतर मुंबईच्या मिश्र चाळी सोडून मुंब्र्याला गेलेली कुटुंबे आमच्या वाचकांत कमी नाहीत. भीती खरी होती, जाणाऱ्यांना दोष देणार कोण? पण तिथे जन्मलेल्या मुलांना शेजारी दुसऱ्या धर्माचा असतो हेच ठाऊक नाही, आणि पलीकडच्या सोसायटीतल्या मुलांना आपण ठाऊक नाही. आता तर भाड्याचे घर मागायला गेले की नाव ऐकूनच 'जागा गेली' असे उत्तर मिळते. जाळी एकदा का बसली की ती कशासाठी बसवली होती हे कोणी विचारत नाही. म्हणून भाचीचा प्रश्न आम्हाला नुसता फुटबॉलचा वाटला नाही.

लिव्हरपूल शहराची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे दोन मोठे क्लब, लाल लिव्हरपूल आणि निळा एव्हर्टन. मुळात अ‍ॅनफील्ड हे मैदान एव्हर्टनचे. १८८४ पासून तो तिथे खेळे. जागेचा कारभारी जॉन हूल्डिंग हा बिअरचा कारखानदार. क्लबच्या समितीत दारूबंदीचे पुरस्कर्ते होते. भाडे, जागेची मालकी आणि मैदानावर कोणाची बिअर विकायची यावरून खटके उडाले. १८९२ मध्ये एव्हर्टन स्टॅन्ले पार्क या बागेपलीकडे गुडिसन पार्कला गेला आणि रिकाम्या मैदानासाठी हूल्डिंगने नवा क्लब काढला, तोच लिव्हरपूल. दोन्ही मैदानांत मैलभराचेही अंतर नाही. (याच शहरात त्याच सुमारास, १८८९ मध्ये, अब्दुल्ला क्विलियम या वकिलाने ब्रूम टेरेसवर मशीद उघडली. इस्लाम स्वीकारण्यापूर्वीपासून तोही दारूबंदीचा प्रचारक. तिथे जमणाऱ्या नमाजींवर लोकांनी दगड आणि घाण फेकली.)

या शहरात लाल मोहल्ला आणि निळा मोहल्ला असे काही तयार झाले नाही. बाप निळा, मुलगा लाल, आत्या निळी, असे घरोघरी. मार्च १९८४ मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात दोन्ही संघ वेम्बलीवर समोरासमोर आले, तेव्हा शहरातून एकाच गाडीत आलेली कुटुंबे लाल-निळे स्कार्फ घालून शेजारी शेजारी बसली. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि मैदानभर आपल्या परगण्याच्या नावाचा, 'मर्सीसाइड'चा घोष झाला. सख्ख्या भावाला कुठल्या जाळीपलीकडे बसवणार?

हिल्सबरोनंतर याच शहराने अ‍ॅनफील्डपासून गुडिसनपर्यंत, बागेतून, लाल आणि निळ्या स्कार्फची एकच माळ गुंफली. 'द सन' या दैनिकाने मेलेल्यांच्या नावावर चोरी आणि दारूबाजीच्या खोट्या गोष्टी छापल्या. आजही तिथले असंख्य लोक ते वर्तमानपत्र विकत घेत नाहीत. २०१७ मध्ये एव्हर्टननेही त्याच्या वार्ताहरांना दार बंद केले. प्रेक्षकांची काही चूक नव्हती, ती माणसे बेकायदा मारली गेली, हा निकाल चौकशीच्या ज्युरीने २०१६ मध्ये दिला. मेलेल्या निरपराधावरच गुन्ह्याचा ठपका आणि मग तो पुसायला सत्तावीस वर्षे! त्या काळात एव्हर्टनवाले शेजाऱ्याच्या बाजूने उभे राहिले, हे आम्हाला १९८४ च्या सामन्यापेक्षा मोठे वाटते.

सगळे गोड आहे असे समजू नये. हेझेलच्या वर्षी इंग्लंडचा विजेता एव्हर्टन होता. लिव्हरपूलच्या टोळक्यामुळे त्याची युरोपियन कपची संधी गेली आणि ती सल काही घरांत अजून आहे. प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक लाल कार्डे या दोघांच्याच सामन्यांत दाखवली गेली आहेत. प्रेक्षकही आता पूर्वीसारखे मिसळून बसत नाहीत. तरीही ग्लासगोपेक्षा बरे. तिथे सेल्टिक कॅथलिकांचा आणि रेंजर्स प्रोटेस्टंटांचा, असा जुना धर्मभेद क्लबांना चिकटलेला. २०१८ मध्ये रेंजर्सने सेल्टिकच्या पाहुण्यांच्या जागा सुमारे ७,००० वरून ८०० वर आणल्या, सेल्टिकनेही तेच केले. पुढे काही सामने असे झाले की मैदानात पाहुणा समर्थक एकही नाही.

दारू हेच मूळ, असे आपल्याकडे कोणी पटकन म्हणेल. आम्हालाही तसे म्हणायला आवडले असते. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याने मैदान दिसेल अशा जागी बसून फुटबॉलप्रेक्षकाला दारू पिता येत नाही. कतारमध्ये २०२२ च्या विश्वचषकात मैदानांवरची बिअर सामने सुरू होण्याच्या दोन दिवस आधी बंद झाली आणि त्या स्पर्धेत इंग्लंड-वेल्सच्या एकाही चाहत्याला अटक झाली नाही. पण रग्बीचे काय? तिथे हातात ग्लास घेऊन दोन्ही बाजूंचे लोक एकाच रांगेत बसतात आणि सहसा काही होत नाही. तेव्हा दारूच्या माथी सगळे मारून मोकळे होता येत नाही.

२०१७ मध्ये मोहम्मद सलाह लिव्हरपूलला आला. गोल केला की मैदानावर सजदा. जिथे नमाजींवर घाण फेकली गेली, त्याच शहरात त्याच्यासाठी रचलेल्या गाण्यात मशीद आली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हिशेब मांडला. तो आल्यानंतर मर्सीसाइडमधील द्वेषमूलक गुन्हे अपेक्षेपेक्षा १६ टक्क्यांनी कमी झाले आणि लिव्हरपूलच्या चाहत्यांची मुस्लिमविरोधी ट्विट इतर मोठ्या क्लबांच्या चाहत्यांच्या तुलनेत निम्म्यावर आली. आमच्या थोरल्याला हे आकडे पाठ आहेत. आम्हाला आनंद आहेच, पण एक शंकाही आहे. सलाह त्यांच्यासाठी गोल करत होता. आपल्या कामाच्या मुसलमानावर प्रेम करणे सोपे. समोरच्या संघाचा शर्ट घालून शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याचे काय?

हा प्रश्न आपल्या देशात कोलकात्याने फार महागात सोडवला. १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. दोन्ही क्लबांचे समर्थक एकाच स्टँडमध्ये बसले होते. मैदानात दोन खेळाडू भिडले, दोघांनाही बाहेर काढले आणि वर प्रेक्षकांत मारामारी पेटली. चेंगराचेंगरीत १६ जण मेले. दरवर्षी त्या तारखेला तिथे रक्तदान होते. सॉल्ट लेकच्या मैदानात आता दोघांच्या गॅलऱ्या वेगळ्या असतात, आणि ते दृश्य आठवणारा कोणीही त्याला हरकत घेणार नाही.

कोलकात्याचा तिसरा क्लब आपल्या ओळखीचा, मोहम्मडन स्पोर्टिंग. १८९१ चा. १९३४ ते १९३८ सलग पाच वेळा कलकत्ता लीग जिंकणारा. १९४० मध्ये त्याने मुंबईत येऊन बंगलोर मुस्लिम्सला हरवले आणि रोव्हर्स कप नेला.

१८ ऑगस्ट २०२४ ला ड्युरँड कपमध्ये मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना ठरला होता. शहरातल्या सरकारी रुग्णालयात तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली होती, लोक रस्त्यावर होते. बंदोबस्ताचे कारण देऊन सामना रद्द झाला. तरीही दोन्हीकडचे समर्थक मैदानाबाहेर जमले आणि मोहम्मडनचे समर्थकही आले. न्याय मागताना मोहन बागानचा शर्ट घातलेल्याच्या खांद्यावर ईस्ट बंगालचा माणूस बसलेला लोकांनी पाहिला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्या सर्वांना सारख्याच लागल्या. दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबरला, पुन्हा सामना झाला आणि मोहन बागानने तो २-० ने जिंकला.

भाचीला यातले थोडेच सांगितले. एक गोष्ट तिला आवडली. इंग्लंडमध्ये महिलांच्या लीगचे सामने होतात, तिथे सहसा असा कोपरा नसतो. पाहुण्या संघाच्या बायका-मुले यजमानांच्या रांगेत बसतात, शर्ट घालून बसतात, गोल झाला की उठून ओरडतात. रविवारी तिने आईच्या मोबाइलवर तसा एक सामना लावून घेतला. कोण जिंकले ते तिला आता आठवत नाही. प्रेक्षक दिसले की ती मोबाइल डोळ्यांजवळ नेई. मग थोरला वैतागून म्हणाला, "अगं, बॉल तिकडे आहे!"