ज्या क्षणाचा अनुभव मिळत नाही

क्ष-किरण विभागातली नेमणूक म्हणजे परिचारिकेसाठी आरामाची ड्युटी, असा समज रुग्णालयांमध्ये पक्का रुजलेला आहे. वॉर्डातली धावपळ नाही, रात्रभर जागणारे रुग्ण नाहीत. रुग्ण येतो, सीटी किंवा एमआरआय होतो, रुग्ण परत जातो. म्हणून तिथे कुणाला पाठवायचे हे पुष्कळदा कौशल्यापेक्षा सोयीवर ठरते आणि एकदा तिथे रुजू झालेल्या सिस्टरला पुढे काही शिकवण्याची गरज आहे, असे फारसे कुणाला वाटत नाही. या समजामागचे निरीक्षण खरे आहे: या विभागात जिवावर बेतणारे प्रसंग क्वचित येतात. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आहे. जे रोज घडते ते कामच शिकवते. जे वर्षा-दोन वर्षांतून एकदा घडते ते काम कधीच शिकवत नाही. म्हणून प्रसंग जितका दुर्मीळ, तितकी त्याची तयारी मुद्दाम करून घ्यावी लागते. इमेजिंग विभागातल्या परिचारिकांच्या सततच्या शिक्षणाचा विचार या बाजूने व्हायला हवा.

कॉन्ट्रास्टचेच उदाहरण घ्या. सीटी स्कॅनसाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या या आयोडीनयुक्त औषधाची एक फार मोठी पाहणी जपानमध्ये झाली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ३,३७,६४७ तपासण्यांची नोंद होती. जुन्या आयनिक औषधांनी गंभीर प्रतिक्रिया येण्याचे प्रमाण ०.२२ टक्के होते. नव्या नॉन-आयनिक औषधांनी ते ०.०४ टक्क्यांवर आले. म्हणजे दहा हजारांमागे चार. रुग्णांच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती. आता परिचारिकेच्या बाजूने हिशेब करून पाहू. एखाद्या केंद्रात दिवसाला दहा कॉन्ट्रास्ट सीटी होतात असे धरले, तर वर्षाच्या साधारण तीन हजार तपासण्यांमध्ये गंभीर प्रतिक्रिया एखादीच येणार. पाळीपाळीने तीन सिस्टर काम करत असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला असा प्रसंग तीन वर्षांतून एकदा येईल. त्या वेळी मात्र हाताशी काही मिनिटेच असतात. इंजेक्टर थांबवायचा, मदतीला हाक मारायची, ऑक्सिजन लावायचा, सलाईन सोडायचे आणि प्रौढ रुग्णाला साधारण अर्धा मिलिग्रॅम अॅड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत द्यायचे. क्रॅश कार्टमधला अँप्युल एक मिलिग्रॅमचा असतो. हृदय बंद पडल्यावर तो पूर्ण अँप्युल शिरेतून देतात, हे डोक्यात पक्के बसलेले असते. गोंधळ तिथेच होतो. हृदय चालू असलेल्या रुग्णाला तो तसाच शिरेतून गेला, तर औषधच घातक ठरू शकते. हा गोंधळ केवळ परिचारिकांचा आहे असेही नाही. रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनाच या औषधाचा मार्ग, तीव्रता आणि मात्रा विचारणारी एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. चालण्याजोगे उत्तर देणारे निम्म्याहून कमी निघाले. पुस्तक सगळ्यांनी वाचलेले असते. वापरावाचून ते विसरले जाते, एवढाच त्याचा अर्थ. छातीदाबाचे कौशल्यसुद्धा प्रशिक्षणानंतर काही महिन्यांतच उतरणीला लागते, म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशन आता दोन वर्षांतून एकदा होणाऱ्या वर्गाबरोबर अधूनमधून छोट्या उजळणीचाही आग्रह धरते.

विसरण्याइतकीच दुसरी अडचण म्हणजे खुद्द ज्ञानच बदलत राहते. एमआरआयमध्ये वापरले जाणारे गॅडोलिनियमचे पहिले औषध १९८८ साली अमेरिकेत मंजूर झाले आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी आयोडीनपेक्षा ते सुरक्षित, असे पुढची अनेक वर्षे मानले गेले. २००६ साली त्याचा संबंध त्वचा आणि सांधे आखडवून टाकणाऱ्या एका गंभीर आजाराशी जोडला गेला, आणि तोही मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांमध्येच. २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. पुढे अधिक स्थिर रेणूंची औषधे वापरात आली, त्यांच्यापासून हा धोका अत्यंत कमी असल्याचे पुरावे जमले आणि नियम पुन्हा सैल झाले. एकाच सिस्टरच्या नोकरीच्या काळात एकाच औषधाबद्दल तीन वेगवेगळे नियम खरे ठरले. १९९५ साली शिकून बाहेर पडलेली परिचारिका तेव्हाच्याच ज्ञानावर थांबली असती, तर २००६ नंतर तिने धोका ओळखला नसता. २००७ वर थांबलेली आज गरजेची तपासणीही अडवून धरेल. कॉन्ट्रास्टपूर्वी मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या थांबवण्याचा नियमही असाच बदलला. पूर्वी सरसकट थांबवल्या जाणाऱ्या गोळ्यांचा निर्णय आता मूत्रपिंडाची गाळणक्षमता पाहून घेतात. आणि आपल्या कोकणपट्टीत तर एक प्रश्न हमखास विचारला जातो: मासे, कोळंबी खाल्ल्यावर अंगावर काही उठते का? कोळंबी-खेकड्यांची अॅलर्जी त्यांच्यातल्या प्रथिनामुळे येते. आयोडीनशी तिचा काहीही संबंध नाही. इतर कोणत्याही अॅलर्जीपेक्षा या अॅलर्जीला कॉन्ट्रास्टच्या बाबतीत वेगळे महत्त्व नाही, हे केव्हाच स्पष्ट झाले आहे. तरी समज टिकून राहतो, कारण तो एका सिस्टरकडून दुसरीकडे तोंडी जातो आणि त्याला दुरुस्त करणारी व्यवस्था मध्ये कुठेच नसते. कॅथ लॅबमध्ये रुग्णाशेजारी उभ्या राहणाऱ्या परिचारिकेच्या स्वतःच्या सुरक्षेलाही हे लागू आहे. डोळ्याच्या भिंगासाठी वर्षाला १५० मिलिसिव्हर्टची शिफारस केलेली मर्यादा आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०११ साली सरासरी २० वर आणली. शिशाचा एप्रन आणि किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज घातला की झाले, असे मानणाऱ्या सिस्टरपर्यंत ही बातमी पोहोचली नाही, तर तिचे डोळे उघडेच राहतात.

तिसरा पुरावा अधिक कठोर आहे. जुलै २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका रुग्णालयात एमआरआय चालू असताना ऑक्सिजनचा सिलिंडर खोलीत आणला गेला. चुंबकाने तो खेचून घेतला आणि यंत्रात झोपलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा जीव गेला. या घटनेने जगभर नियम कडक झाले. तरीही २०१४ साली खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रात असाच सिलिंडर खेचला गेला आणि दोन कर्मचारी सुमारे चार तास यंत्राला अडकून राहिले. जानेवारी २०१८ मध्ये मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला तरुण सिलिंडर घेऊन आत गेला आणि मृत्युमुखी पडला. एमआरआयचे चुंबक टेबल रिकामे असले, तपासणी चालू नसली तरी कामच करत असते, हे वाक्य शिकायला अर्धे मिनिट पुरते. पण ते दाराशी उभ्या असलेल्या माणसाला, रुग्ण धाप लागून निळा पडत असताना, कुणी घाईने लोखंडी सिलिंडर पुढे करत असताना आठवावे लागते. अशा चुकीचा स्वतः अनुभव घेऊन शिकण्याची सोय नाही. तो धडा इतरांच्या अनुभवातूनच मिळवावा लागतो. न्यूयॉर्कचा अनुभव खारघरच्या दारापर्यंत आणि खारघरचा मुंबई सेंट्रलपर्यंत पोहोचवणे, हेच सततच्या शिक्षणाचे मूळ काम आहे.

व्यवस्था अजिबात नाही, असे म्हणता येणार नाही. परिचारिकांच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते आणि त्या काळात १५० तासांचे सततचे शिक्षण असावे, हा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. परिषदेच्या १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा २०२३ साली संसदेने मंजूर केला. अडचण तासांच्या संख्येत नाही, तासांच्या दिशेत आहे. सीटीच्या खोलीत काम करणारी सिस्टर कोणत्याही विषयावरच्या परिषदेला बसून ते तास भरू शकते. अतिदक्षता, कर्करोग, शस्त्रक्रियागृह यांसाठी एका वर्षाच्या पोस्ट-बेसिक पदविका आहेत. इमेजिंगचे काम त्यांतल्या एकीतही पूर्ण मावत नाही. अमेरिकेत या कामाच्या परिचारिकांची स्वतंत्र संघटना १९८१ पासून आहे, तिचे नियतकालिक आहे, आणि या शाखेचे प्रमाणपत्र दर चार वर्षांनी नव्याने सिद्ध करावे लागते. ती व्यवस्था जशीच्या तशी उचलण्याची गरज नाही. मात्र इमेजिंग हे परिचर्येचे एक वेगळे क्षेत्र आहे, ही मान्यता तिथल्याइतकीच इथेही हवी.

यावर पहिला आक्षेप परिचारिकाच घेतील, आणि तो वजनदार आहे: या परिषदा म्हणजे हजेरी, जेवण आणि प्रमाणपत्र; त्यातून हाताला काही लागत नाही. पुरावाही बऱ्याच अंशी त्यांच्या बाजूने आहे. अशा सभा आणि कार्यशाळांवरच्या ८१ चाचण्यांचा, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००९ साली एकत्रित आढावा घेतला, तेव्हा प्रत्यक्ष कामातली सुधारणा मध्यमानाने सहा टक्क्यांच्या आसपास भरली. फार थोडी, पण शून्य नव्हे. त्याच आढाव्यात हेही दिसले की नुसत्या भाषणापेक्षा भाषण आणि प्रत्यक्ष सहभाग यांची सांगड अधिक उपयोगी पडते. म्हणजे पुरावा सततच्या शिक्षणाला नाकारत नाही, त्याच्या आजच्या रूपाला नाकारतो. सभागृहातल्या सहा तासांऐवजी खोलीतच महिन्यातून एकदा पंधरा मिनिटांची रंगीत तालीम घ्यावी: आज टेबलावरचा रुग्ण कॉन्ट्रास्टनंतर कोसळला आहे, अॅड्रेनलिन कुठे आहे, कुणी काढले, किती सेकंद लागले? आज एमआरआयमधल्या रुग्णाचा श्वास थांबला आहे, त्याला चुंबकाच्या खोलीबाहेर कोण आणि कसे काढणार? अशा तालमींचे तास नूतनीकरणात मोजले गेले, तर प्रमाणपत्र गोळा करण्याची धावपळ आपोआप कमी होईल.

दुसरा आक्षेप प्रशासनाचा: सिस्टर मुळातच कमी, त्यात सारख्या बदल्या, आज शिकवलेली उद्या प्रसूती कक्षात जाणार, मग खर्च कशाला? बदली होते हे खरे, पण त्यामुळे गरज वाढते. खोली तीच राहते, धोके तेच राहतात आणि दर काही महिन्यांनी त्यांच्यासमोर नवा माणूस उभा राहतो. म्हणून शिक्षण व्यक्तीच्या फाइलला न जोडता खोलीला जोडायला हवे; जी कुणी तिथे रुजू होईल तिने ते पूर्ण केल्याशिवाय एकटीने पाळी घेऊ नये. पंधरा मिनिटांच्या तालमीसाठी कुणाला वॉर्डातून सोडावेही लागत नाही. तिसरा आक्षेप असा की तिथे डॉक्टर आणि टेक्निशियन असतातच, मग हा भार परिचारिकेवर का? कारण डॉक्टर बहुधा रिपोर्टिंगच्या खोलीत असतात, टेक्निशियन काचेपलीकडे कन्सोलवर. कॉन्ट्रास्ट शिरेबाहेर पाझरून सुईची जागा फुगत आहे, हे तिथे हात लावणाऱ्या सिस्टरला आधी कळते. गुंगीचे औषध दिलेल्या रुग्णाचा श्वास मंदावला तरी ऑक्सिजन लावलेला असल्यास बोटावरचा आकडा काही काळ चांगलाच दिसत राहतो. ते फसवे समाधान ओळखायचे काम त्या जागी उभ्या असलेल्या माणसाचेच असते.

म्हणून मागणी साधी आहे. १५० तासांतला ठरावीक हिस्सा परिचारिका ज्या विभागात काम करते त्याच विभागाचा असावा, त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष तालमीचा असावा, तो ड्युटीच्या वेळात आणि रुग्णालयाच्या खर्चाने व्हावा, आणि त्याचे यश किती प्रमाणपत्रे जमली यावर मोजू नये. प्रतिक्रिया सुरू झाल्यापासून पहिली योग्य मात्रा किती वेळात गेली, चुकीची वस्तू एमआरआयच्या दाराशी किती वेळा अडवली गेली, अशा नोंदी ठेवाव्यात आणि त्या राज्यभरच्या रुग्णालयांनी एकमेकांना दाखवाव्यात. क्ष-किरण विभाग शांत असतो हे चांगलेच आहे. फक्त त्या शांततेला कुणी कौशल्याचा पुरावा समजू नये.