पेटीची प्रणाली बदलली आणि चित्रफितींची यादी कोरी झाली

लग्नसराई आटोपली, पहिला पाऊस पडला आणि गिऱ्हाईक कमी झाले की आम्ही दुकानातील रेंगाळलेली कामे हाती घेतो. पोंभुर्ण्यात आमचे फोटो-व्हिडिओचे दुकान पुढे आणि घर मागे आहे. मधल्या खोलीत नॅस म्हणतात ती साठवणीची पेटी ठेवलेली आहे. तिच्यात चार हार्ड डिस्क आहेत. दुकानात शूटिंगचे काम तिच्यात जमा होते आणि घरच्या टीव्हीवर तेच पाहताही येते. मागच्या पावसाळ्यात एका रात्री आम्ही तिची प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, नवी करून घेतली. पेटी बरेच दिवस 'नवी आवृत्ती आली आहे' असे सांगत होती. आम्ही होकाराचे बटण दाबले, ती बंद होऊन पुन्हा सुरू झाली, हिरवे दिवे लागले आणि आम्ही निश्चिंत झोपलो.

सकाळी तालुक्यातील एका खेड्याहून एक चाचा आले. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीच्या निकाहाची फीत आम्ही काढली होती. त्यात त्यांच्या वालिदांचे चार मिनिटांचे बोलणे आहे. वालिद आता हयात नाहीत. चाचांकडची पेन ड्राइव्ह बिघडली म्हणून ते दुसरी प्रत घ्यायला आले होते. आम्ही टीव्ही लावला तर यादी कोरी! एकही लग्न नाही. चाचांनी विचारले, "भाऊ, पुसलं गेलं का सारं?" त्या क्षणी आमच्याकडे उत्तर नव्हते.

पुसले काहीच गेले नव्हते. पण हे कळायला आम्हाला एक दिवस लागला आणि झालेले नुकसान भरून काढायला अकरा दिवस. आपल्या वाचकांत स्टुडिओवाले, डीजेवाले, फर्निचरच्या आणि बांबूकामाच्या नमुन्यांचे फोटो जपून ठेवणारे कारागीर बरेच आहेत. अशी पेटी अनेकांच्या दुकानात आली आहे. तेव्हा नेमके काय होते आणि कोणती काळजी घ्यावी, ते सविस्तर सांगतो.

व्यापाऱ्याला समजेल असे बोलायचे तर डिस्क म्हणजे गोदाम. त्यातील फायली म्हणजे माल. टीव्हीवर यादी दाखवणारा जो कार्यक्रम असतो, म्हणजे प्लेक्स, जेलीफिन, एम्बी यांपैकी एखादा, तो आपला मुनीम. कोणती फीत कोणाची, कोणत्या तारखेची, कोणी कुठवर पाहिली, हे तो आपल्या खतावणीत लिहून ठेवतो. या खतावणीलाच डेटाबेस म्हणतात. आणि गोदामात शिरण्याची परवानगी म्हणजे किल्ली. प्रणाली नवी होते तेव्हा माल सहसा जागचा हलत नाही. बदलते ती किल्ली, कधी गोदामाचा पत्ता, तर कधी मुनीमच कामावरून निघून जातो.

आमच्या बाबतीत किल्ली बदलली होती. जुन्या प्रणालीत मुनिमाला सगळ्या खोल्यांत मोकळी ये-जा होती. नव्या प्रणालीने सुरक्षेसाठी त्याला वेगळा, कमी अधिकारांचा वापरकर्ता बनवले आणि व्हिडिओच्या फोल्डरची परवानगी त्या नव्या नावाला दिलेलीच नव्हती. मुनीम रात्री मोजदाद करायला गेला, त्याला गोदाम रिकामे दिसले आणि त्याने खतावणीतील नोंदी खोडून टाकल्या. 'न सापडलेल्या नोंदी आपोआप काढाव्यात' ही सोय आम्हीच चालू ठेवली होती, त्यामुळे दोष दुसऱ्या कोणाला द्यावा असे नाही.

ही अडचण आमच्यापुरती नव्हती. सिनॉलॉजी कंपनीने २०२१ च्या जूनमध्ये डीएसएम ७ ही प्रणाली दिली, तेव्हा पेटीवरील कार्यक्रमांचे सर्वाधिकार काढून त्यांना मर्यादित अधिकार दिले गेले. प्लेक्सचा जुना संच तिच्यावर चालत नव्हता. नवा संच हाताने बसवावा लागे. त्याची खतावणी 'प्लेक्स' या जुन्या फोल्डरमधून 'प्लेक्समीडियासर्व्हर' या नव्या फोल्डरमध्ये जाई आणि त्याच नावाच्या नव्या वापरकर्त्याला व्हिडिओच्या फोल्डरची परवानगी मालकाने स्वतः द्यावी लागे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये डीएसएम ७.२.२ आली, तिच्यात तर 'व्हिडिओ स्टेशन' हा कंपनीचा स्वतःचा मुनीमच काढून टाकला गेला. ज्यांची सगळी यादी त्यात होती त्यांना दुसरा कार्यक्रम शोधावा लागला.

नागपूर-चंद्रपूरकडचे काही हौशी लोक जुन्या संगणकात डिस्क घालून स्वतःच पेटी बनवतात. त्यांच्यात फ्रीनॅस लोकप्रिय होते. २००५ मध्ये ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी सुरू केलेल्या या प्रणालीचे नाव २०२० मध्ये ट्रूनॅस कोअर झाले. पुढे २०२२ मध्ये लिनक्सवर उभी असलेली ट्रूनॅस स्केल आली. कोअरवरून स्केलवर जाताना डिस्कवरील माल तसाच उचलला जातो, पण मुनीम ज्या 'जेल' नावाच्या कप्प्यात बसत असे ते कप्पे नव्या घरात चालत नाहीत. पुन्हा २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये स्केलची २४.१० आवृत्ती आली आणि कार्यक्रम चालवण्याची आतली पद्धतच बदलली. कुबरनेटीस जाऊन डॉकर आले. कंपनीच्या यादीतून घेतलेले कार्यक्रम आपोआप नव्या पद्धतीत गेले. ट्रूचार्ट्स या बाहेरच्या यादीतून घेतलेले मात्र गेले नाहीत, ते पुन्हा पहिल्यापासून बसवावे लागले.

याच प्रणालीत एक बटण आहे त्याविषयी खास बजावून सांगावेसे वाटते. प्रणाली नवी झाली की 'डिस्कचा समूहही अद्ययावत करा' अशी सूचना दिसते. झेडएफएस पद्धतीच्या डिस्क-समूहाला एकदा असे अद्ययावत केले की जुनी प्रणाली तो समूह बहुधा उघडू शकत नाही. म्हणजे परतीचा पूल आपणच तोडतो. नवी प्रणाली महिनाभर नीट चालेपर्यंत त्या बटणाला हात लावू नये. सूचना दिसत राहते, राहू द्यावी.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग जुनीच प्रणाली काय वाईट? आमच्या शेजारच्या दुकानदाराचे हेच मत होते. त्यांना आम्ही दोन घटना सांगितल्या. वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या पेट्यांना २०१५ नंतर सुधारणा मिळणे थांबले होते. २०२१ च्या जूनमध्ये जगभरातील अनेकांच्या अशा पेट्या इंटरनेटवरून कोणीतरी कोऱ्या करून टाकल्या, लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो गेले. नंतर २०२२ च्या जानेवारीत 'डेडबोल्ट' नावाच्या खंडणीखोर कार्यक्रमाने इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या पेट्यांमधील फायलींना कुलूप लावून पैसे मागितले. तेव्हा प्रणाली नवी करावीच लागते. प्रश्न केव्हा आणि कशी, एवढाच आहे. आणि पेटी घराबाहेरून पाहता यावी म्हणून राउटरचे दार सताड उघडे ठेवू नये, हेही त्याच ओघात.

केव्हा, याचे आमच्या भागापुरते उत्तर असे. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे, पण खेड्यापाड्यांत वादळाच्या दिवसांत वीज किती वेळ टिकेल ते कोणी सांगू शकत नाही. प्रणाली लिहिली जात असताना वीज गेली तर पेटी अर्धवट राहते. म्हणून यूपीएस असल्याशिवाय हे काम करू नये. मे महिन्यात तर नकोच. पारा ४५ अंशांच्या वर असताना बंद खोलीत चार डिस्क रात्रभर चालवणे म्हणजे डिस्कचा जीव घेणे. लग्नसराईच्या तोंडावरही नको. पावसाचा जोर ओसरल्यावर, गिऱ्हाईक नसताना, सकाळी काम सुरू करावे. रात्री करून झोपी जाण्याची आमची चूक कोणी करू नये.

आता कशी. सर्वांत आधी मालाची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. पेटीत दोन डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या असल्या तरी ती प्रत नव्हे. चुकून खोडलेले दोन्हीकडून एकदमच खोडले जाते. वेळेचा हिशेब आधी करावा. सेकंदाला १०० एमबी या वेगाने चार टीबी उतरवायला सुमारे ११ तास लागतात. जुन्या यूएसबी २ च्या तोंडाला डिस्क लावली आणि वेग ३० एमबीवर आला तर तेच काम ३७ तासांचे होते. निळ्या तोंडाची यूएसबी ३ बहुतेक पेट्यांना असते, तीच वापरावी. प्रत झाली म्हणजे झाली असे मानू नये. त्या डिस्कवरील पाच-दहा फिती वेगळ्या संगणकावर उघडून शेवटपर्यंत पाहाव्यात.

मग खतावणीची प्रत. इथे बरेच जण फसतात. मुनीम लिहीत असताना खतावणी उचलली तर पान अर्धे राहते. म्हणून कार्यक्रम आधी थांबवावा आणि मगच त्याचा फोल्डर उचलावा. 'न सापडलेल्या नोंदी आपोआप काढाव्यात' ही सोय बंद करावी. आणि एका साध्या कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: पेटीचा जाळ्यावरील क्रमांक, फोल्डरचा पूर्ण पत्ता, कार्यक्रमाची आवृत्ती आणि तो कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. हा कागद पेटीत जपून ठेवण्यात अर्थ नाही हे सांगायला नको, तरी आमच्या ओळखीच्या एकाने तसेच केले होते.

वापरकर्त्याचे नाव लिहिताना त्याचा अंकही लिहावा. आपल्याला नाव दिसते, पण लिनक्सवर चालणारी प्रणाली अंक ओळखते. सिनॉलॉजीच्या पेटीत आपण बनवलेला पहिला वापरकर्ता बहुधा १०२६ असतो, साध्या लिनक्स संगणकावर १०००, तर ट्रूनॅस स्केलवर कार्यक्रमांसाठी ठेवलेला वापरकर्ता ५६८ असतो. एका पेटीवरून दुसऱ्या पेटीवर गेलात की नाव तेच दिसूनही दार उघडत नाही, ते यामुळे.

पत्त्याचेही तसेच. खतावणीत प्रत्येक फितीचा पूर्ण पत्ता असतो. जुन्या पेटीत 'व्हिडिओ' फोल्डरमध्ये 'लग्न' असेल आणि नव्या पेटीत त्याच्या आधी आणखी एक नाव लागले, तर मुनिमाला तो सगळा नवा माल वाटतो. म्हणून जुना पत्ता जसाच्या तसा ठेवता आला तर ठेवावा. डॉकरमध्ये हे सोपे आहे, कारण बाहेरचा फोल्डर आत कोणत्या नावाने दिसावा ते आपण ठरवतो. प्रणाली बदलल्यावर आधी परवानगी तपासावी, मग पत्ता, आणि त्यानंतरच मोजदादीचे बटण दाबावे. हा क्रम उलटा झाला की काय होते ते वर सांगितलेच.

आता आमचे अकरा दिवस का गेले ते सांगतो. परवानगी दिल्यावर सगळ्या फिती परत दिसू लागल्या, पण नावांशिवाय. कॅमेरा फायलींना ००००० पासून क्रमांक देतो आणि आम्ही त्या तशाच ओतल्या होत्या. कोणाचे लग्न, कोणते गाव, कोणती तारीख, हे सारे आम्ही टीव्हीवरील यादीत टाइप केले होते, म्हणजे केवळ खतावणीत. माल होता, चिठ्ठी नव्हती. एकेक फीत उघडायची, मांडवावरचा फलक वाचायचा, नवरदेव ओळखायचा, बिलबुकाशी तारीख पडताळायची, असे चालले. त्यातही एका कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे होते, त्यामुळे चाचांच्या लेकीचा निकाह भलत्याच वर्षाच्या फोल्डरमध्ये नवव्या दिवशी सापडला. वालिदांचे बोलणे शाबूत होते. आम्ही प्रत घेऊन स्वतः त्यांच्या गावी गेलो.

तेव्हापासून नाव फायलीलाच देतो: आधी वर्ष, महिना, दिवस, मग गाव, मग बिलाचा क्रमांक. कार्यक्रम बदलला, पेटी बदलली तरी फायलीचे नाव फायलीबरोबर जाते. जेलीफिनसारखे कार्यक्रम माहितीची छोटी चिठ्ठी फितीशेजारीच ठेवू शकतात, ती सोयही आता चालू केली आहे. सुतारकाम करणाऱ्या बंधूंनी दिवाणाच्या, कपाटाच्या फोटोंना माप आणि लाकूड नावातच लिहिले तर त्यांचेही काम सोपे होईल.

प्रतींविषयी छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी रूढ केलेला नियम प्रसिद्ध आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या जागी. तिसऱ्या भागाचे महत्त्व आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २०२२ च्या फेब्रुवारीत चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीला मोठी आग लागली होती. आग लागली तर पेटी आणि तिच्या शेजारची डिस्क दोन्ही एकदम जातात. आमची एक डिस्क आता मूलला नातेवाइकांकडे असते. महिन्यातून एकदा मालखरेदीला जातो तेव्हा ती बदलून आणतो.

आणखी एक बदल बिलावर केला आहे. फीत आमच्याकडे किती वर्षे राहील ते आता छापून देतो आणि मुदत संपायच्या आधी गिऱ्हाइकाला फोन करतो. पूर्वी आम्ही तोंडीच 'आहे आमच्याकडे, काळजी नको' म्हणायचो.