कॉमिकमधली मारामारी वाचायची कशी?

मागे एका सभासदाच्या मुलाने परदेशातून आणलेले काही जाडजूड खंड आपल्या वाचनालयाला भेट दिले. 'मास्टर ऑफ कुंग फू' या जुन्या अमेरिकी कॉमिकचे ते पुनर्मुद्रण. वाचनालय समितीत आम्ही सगळे साठी ओलांडलेले. मारामारीची चित्रे मुलांच्या हाती कशाला, असा सूर निघाला. पण न वाचता नाकारणे बरे नव्हे, म्हणून आळीपाळीने घरी नेले. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेली आमची पिढी. फार आढेवेढे घेतले नाहीत!

या कॉमिकचा नायक शांग-ची १९७३ साली आला. लेखक स्टीव्ह एंगलहार्ट, चित्रकार जिम स्टारलिन. ब्रूस लीच्या सिनेमांचा तो काळ. दुष्ट बापाने मारेकरी म्हणून घडवलेला हा मुलगा, बापाचे खरे रूप कळताच त्याच्याविरुद्ध उभा राहतो. पुढे लेखक डग मंच आणि चित्रकार पॉल गुलेसी यांची जोडी जमली आणि मालिका खरी रंगली.

चित्र तर हलत नाही, मग लाथ दिसते कुठे? दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत. एका चौकटीत पाय उचललेला, पुढच्या चौकटीत शत्रू जमिनीवर. मधली लाथ वाचणाऱ्याने मनात मारायची. बँकेत आयुष्य घालवलेल्या आम्हाला हे ओळखीचे वाटले. आधीची शिल्लक दिसते, नंतरची दिसते, मधला व्यवहार ताडायचा. गुलेसी अरुंद चौकटी ओळीने मांडतो, सिनेमाच्या कॅमेऱ्यासारखा जवळ जातो, मध्येच शब्द पार थांबवतो. शिवाय गोष्ट शांग-ची स्वतः सांगतो. चित्रात ठोसे चाललेले आणि शेजारी त्याचे शब्द मात्र शांत, खंतावलेले. ज्याला मारामारी उत्तम येते त्यालाच तिचा वीट आलेला! आमच्या मते या मालिकेची खरी ताकद इथे आहे.

शेवटच्या वर्षांतल्या जीन डेचीही काही पाने पाहावीत. पानभर एकच वास्तू, तिच्यावर चौकटींच्या रेघा आणि तोच माणूस एकेका चौकटीत पुढे सरकलेला.

आता खटकलेली गोष्ट. शांग-चीचा बाप म्हणजे फू मांचू. सॅक्स रोमर या इंग्रज कादंबरीकाराचे हे पात्र, चिनी माणसाविषयीच्या पाश्चात्त्य भीतीतून जन्मलेले. रंगही तसेच: गोऱ्यांची कातडी गुलाबी आणि चिनी पात्रांची पिवळी-नारिंगी. तेव्हाची छपाई स्वस्तातली होती हे खरे, पण रंग कोणता द्यायचा हे माणसेच ठरवत होती. या पात्राचे हक्क मार्व्हलकडे न उरल्याने मालिकेचे पुनर्मुद्रण बरीच वर्षे अडले, ते २०१६ मध्ये सुरू झाले. २०२१ च्या सिनेमात तर बापच बदलून टाकला.

समितीत यावर दोन बैठका झाल्या. एकाचे म्हणणे, परत करा. दुसऱ्याचे, आपल्या जुन्या पुस्तकांत असले काही नाही का? अखेर प्रत्येक खंडाच्या आत फू मांचू आणि रंगांविषयी चार ओळींची चिठ्ठी चिकटवली आणि खंड मोठ्या मुलांच्या कपाटात ठेवले. दोन आठवड्यांसाठी घरी मिळतील. पहिला खंड सध्या बाहेर गेला आहे.