जुन्या तबकड्यांतील चार वाद्यें

बेथोव्हेनच्या ‘ए मायनर’ चतुष्काचें, म्हणजे ऑपस १३२ चें, एक जुनें ध्वनिमुद्रण मीं प्रथम ऐकलें तें एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत. तबकडी फिरूं लागली आणि प्रथम कानावर आली ती खरखर. फोडणींत मोहरी तडतडावी तशी. दोन मिनिटांतच मीं मनाशीं निकाल देऊन टाकला कीं, ही वस्तु संग्रहालयांत ठेवावयाची, ऐकावयाची नव्हे. स्नेह्यांनीं वाद घातला नाहीं. ते एवढेंच म्हणाले, “पुन्हां एकदां ऐका, पण पहिल्या व्हायोलिनचा नाद सोडा आणि फक्त व्हायोला शोधा.” मीं शोधूं लागलों. व्हायोला सांपडला तेव्हां ध्यानांत आलें कीं, खरखर केव्हांच ऐकूं येईनाशी झाली आहे.

श्रोतेहो, आजचें माझें सांगणें ह्या अनुभवाभोंवतींच फिरणार आहे.

दोन व्हायोलिनें, एक व्हायोला आणि एक चेलो, एवढाच ह्या चतुष्काचा संसार. हातांत कांडी घेऊन उभा राहणारा संचालक येथें नसतो. आपल्या मैफिलींत एक गवई आणि बाकीचे साथीदार असतात. येथें चौघेहि गवई आणि चौघेहि साथीदार. त्यामुळें मधली वाद्यें कानांतून निसटलीं तर निम्में संगीत निसटलें असें समजावें.

मधलीं वाद्यें नेमकीं पूर्वींच्या ध्वनिमुद्रणांत हरवत असत. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला. त्यापूर्वीं वादकांना एका कर्ण्यासमोर दाटीवाटीनें बसावें लागे आणि चेलोचा खर्ज जवळजवळ लुप्त होई. मायक्रोफोननें ही अडचण पुष्कळशी दूर केली, पण खरखर राहिलीच. तिचें कारण मोठें मौजेचें आहे. तबकडीचा मसाला मुख्यतः लाख आणि दगडाची बारीक पूड यांचा. ती लाख बव्हंशीं आपल्याच देशांतली, छोटा नागपुराकडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरची. दगडाची पूड घालावयाची ती तबकडी टणक व्हावी आणि पोलादी सुई घासून खांचेच्या मापाची व्हावी म्हणून. तेव्हां आपण खरखर म्हणतों ती सुई दगडावरून चालल्याची चाहूल आहे. हें कळल्यावर तिचा राग निम्मा तरी उतरतो.

दुसरी अडचण वेळेची. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर साडेचार मिनिटांच्या आसपास संगीत मावे. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांनीं तीनचार मिनिटांत राग उभा केला, कारण राग किती फुलवावा हें गवयाच्या हातीं असतें. चतुष्कवाल्यांना ती मोकळीक नाहीं. बेथोव्हेननें लिहिलेली ओळ गाळतां येत नाहीं. म्हणून त्याच रचनेचे तुकडे पाडावे लागत. शिवाय ध्वनि थेट मेणाच्या चकतीवर कोरला जाई. एखादा स्वर चुकला तर तेवढाच बदलण्याची सोय नव्हती. सबंध बाजू पुन्हां वाजवावी लागे.

आतां त्या तबकड्यांकडे वळूं. १९३७ सालीं लंडनमध्यें ॲबी रोडच्या ध्वनिमुद्रणगृहांत ऑपस १३२ वाजविलें तें बुश चतुष्कानें. पहिलें व्हायोलिन अडोल्फ बुश यांचें; दुसरें गोस्टा आंद्रेआसोन ह्या स्वीडिश गृहस्थांचें; व्हायोला कार्ल डोक्टर यांचा आणि चेलो अडोल्फचे धाकटे बंधु हेर्मान यांचा.

ह्या रचनेच्या मध्यभागीं एक अत्यंत संथ भाग आहे. १८२५ च्या वसंतांत बेथोव्हेन गंभीर आजारी पडला होता. बरा झाल्यावर त्यानें तो लिहिला आणि त्याला, दुखण्यांतून उठलेल्या माणसानें देवाचे आभार मानण्याचें स्तोत्र, अशा अर्थाचें नांव दिलें. हें स्तोत्र ‘लिडियन’ नांवाच्या प्राचीन स्वरसप्तकांत आहे. आपल्या पेटीवर पांढरी चार हा षड्ज धरून केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजवा. तीव्र मध्यमाचें कल्याण थाटाचें जें सप्तक निघेल, तेंच हें. येथें यमन शोधावयास मात्र जाऊं नये. बेथोव्हेनचें लक्ष स्वरविस्ताराकडे नाहीं, चार स्वर एका वेळीं कसे जुळतात इकडे आहे. स्तोत्र तीनदां येतें, दर वेळीं नव्या रूपांत. आणि मधून दोनदां, अंगांत नवी शक्ति आल्यासारखा, द्रुत नि हंसरा भाग येतो.

बुशमंडळी हा भाग विलक्षण विलंबित लयींत वाजवितात. त्यास वीस मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे चार ठिकाणीं तरी थांबणें आलें. आज हें मुद्रण सांधे जोडून एकसंध ऐकावयास मिळतें. तरी कान देऊन ऐकलें तर खरखरीचा पोत बदलतो आणि सांधा ओळखतां येतो. नवी चकती लागेपर्यंत चौघे स्वस्थ बसले असतील आणि मग तीच लय, तोच भाव पुन्हां उचलला असेल, हें मनांत आणावें. मला तरी ह्या मुद्रणांतील हें सर्वांत मोठें कसब वाटतें.

दुसरी गोष्ट डाव्या हाताची. आजचे वादक बहुधा प्रत्येक स्वरावर बोटाचा कंप ठेवतात. बुशमंडळी स्तोत्रांत तो अगदीं बेतानें वापरतात. स्वर सरळ, कोरा, जुन्या देवळांतल्या समईसारखा उभा राहतो. उलट जेथें एका स्वरावरून दुसऱ्यावर जावयाचें तेथें बोट कधीं कधीं तारेवरून सरकत जातें. आपण त्याला मींड म्हणूं. ही त्यांच्याकडची जुनी रीत पुढें मागासलेली ठरली आणि बहुतांशीं सुटली. पाश्चात्त्य श्रोत्याला ती आज विचित्र वाटते. आपला कान तिला सरावलेला आहे, आणि ह्या बाबतींत आपण त्यांच्यापेक्षां भाग्यवान आहों. हीच रचना पॅरिसच्या ल्युस्यें कापे यांच्या चतुष्कानें १९२८ सालीं मुद्रित केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कापे वारले. गज चालविण्याच्या कलेवर ग्रंथ लिहिणारा हा माणूस. दोन्ही मुद्रणें लागोपाठ ऐकावीं. कंपाविना स्वर किती तऱ्हांनीं जिवंत ठेवतां येतो तें कळेल.

बुश यांची एक हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १ एप्रिल १९३३ रोजीं बर्लिनमध्यें ह्या चतुष्काचें वादन झालें. त्याच दिवशीं ज्यूंच्या दुकानांवर नाझींचा बहिष्कार चालू होता. बुश स्वतः ज्यू नव्हते. जर्मनींत त्यांना मान होता, आणि मिळकतीचा मोठा भाग तेथूनच येई. त्यांनीं जर्मनींतील पुढचे सारे कार्यक्रम रद्द केले. १९३८ मध्यें इटलींतहि ज्यूविरोधी कायदे झाले तेव्हां तिकडचेंहि सोडलें. १९३९ सालीं ते अमेरिकेस गेले आणि १९५२ मध्यें तेथेंच वारले.

मात्र ही हकीकत कळली कीं प्रत्येक मींडेंत देशत्यागाचें दुःख ऐकूं येऊं लागतें. माझेंहि कांहीं दिवस तसें झालें होतें. तो माणसाचा गौरव खरा, पण संगीताला तो अन्याय होतो. चौघे काय वाजवीत आहेत तें आधीं ऐकावें. माणसाची आठवण मागाहून.

शेवटीं एक व्यवहाराची सूचना. नव्या आवृत्त्या निवडतांना अगदीं स्वच्छ केलेल्या घेऊं नयेत. खरखर पार पुसून काढतांना वाद्यांचे वरचे सूक्ष्म नादहि पुसले जातात, आणि गज तारेवर टेंकल्याचा स्पर्श जातो. स्तोत्राचें तिसरें आवर्तन संपतें तेथें परीक्षा करावी. चारहि वाद्यें हळूंहळूं इतकीं मंद होत जातात कीं, थोडी खरखर राहूं दिलेल्या आवृत्तींत शेवटचा स्वर कोठें संपला आणि सुईचा आवाज कोठें उरला, हें सांगतां येत नाहीं.