पाळीची वेदना : सोसावी की सांगावी?

पाळीतील असह्य वेदना सोसायचीच असते, असा समज अनेक घरांत रूढ आहे. परंतु तिच्यामागे ‘एंडोमेट्रिओसिस’ असू शकतो. प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार होतो. त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते. याचे मुख्य प्रकार तीन : उदराच्या आतील आवरणावरचे उथळ ठिपके, बीजांडकोशातील, जुन्या रक्ताने भरलेली ‘चॉकलेट सिस्ट’, आणि आतडे वा मूत्राशयापर्यंत खोल रुजणारा विकार. उथळ ठिपके सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत; म्हणून वेदना खोटी मानू नये. वेदनाशामके व संप्रेरके यांनी अनेकींना आराम पडतो. काहींना दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करावी लागते. सिस्ट काढताना स्त्रीबीजांचा साठा घटू शकतो. तेव्हा अपत्याची इच्छा असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. वेदनेपायी दर महिन्यास मुलीची शाळा बुडत असेल, तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे अवश्य न्यावे.